तळाच्या मातीवर चालणारे पाईप

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात कपड्यांच्या ढिगांतून वाट काढणाऱ्याला समुद्र आठवायचं काही कारण नाही. पण मेट्रोच्या पिंक लाईनवरचं शेजारचंच स्टेशन आहे भिकाजी कामा प्लेस. त्याच नावाच्या कार्यालयीन संकुलात गॅस वाहून नेणारी ‘गेल’ आणि ‘इंजिनियर्स इंडिया’ या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं आहेत. अरबी समुद्रातलं ‘बसीन’ वायुक्षेत्र आपल्या वसईच्या जुन्या नावाने ओळखलं जातं. तिथला गॅस तळावरच्या दोनशे किलोमीटरांहून लांब पाईपलाईनींतून हजिऱ्याला येतो आणि तिथून ‘गेल’च्या लाईनीने उत्तरेकडे निघतो.

सरोजिनी नगरला रिंग रेल्वेचंही स्टेशन आहे. रुळांच्या सांध्यांत पूर्वी फट ठेवत, कारण उन्हाने पोलाद लांबतं. समुद्रातल्या पाईपाला अशी फट नसते. एक किलोमीटर पाईप 50 अंशांनी तापला, तर तो सुमारे 60 सेंटीमीटर लांबू पाहतो. तो नुसता तळावर टेकलेला असेल, तर त्याला धरून ठेवते ती खालची माती.

लाईन खूप लांब असेल तर मधला भाग घर्षणानेच जखडला जातो आणि फक्त टोकं हलतात. खरी गंमत आखूड लाईनीत. विहिरीतलं गरम तेल एका टोकाने शिरतं, तेव्हा त्या बाजूचा पाईप आधी लांबतो आणि पुढच्या गार भागाला रेटतो. उत्पादन बंद केलं की सगळा पाईप जवळपास एकसारखा गार होऊन मध्याकडे आखडतो. जेवढा पुढे गेला, तेवढा मागे येत नाही. म्हणून अभियंते म्हणतात, पाईप ‘चालतो’. चालू-बंदच्या एका फेरीत 3 सेंटीमीटर धरले, तरी शंभर फेऱ्यांत 3 मीटर होतात. टोकाचा जोड तेवढं सोसेलच असं नाही. तळाचा उतार आणि टोकाला लटकलेल्या पाईपाची ओढही या चालीला हातभार लावतात.

ही चाल आधी सांगायची कशी? पोलादाचं गणित अवघड नाही, अडतं ते मातीपाशी. मऊ चिकणमातीवर पाईप झटकन सरकला, तर कणांमधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. दाब पाण्यावर येतो आणि पकड ढिली पडते. तोच पाईप सावकाश सरकला, तर पाणी निघून जातं आणि पकड वाढते. शिवाय प्रत्येक फेरीनंतरच्या विश्रांतीत माती थोडी दबते, घट्ट होते. पहिल्या वर्षीची माती आणि दहाव्या वर्षीची माती एक नव्हे. घर्षणाचा एकच आकडा धरून पंचवीस वर्षांचं भाकीत करणं म्हणूनच फसवं ठरतं. पाईप किती रुतलाय हेही नुसत्या वजनावरून कळत नाही. अंथरताना जहाज हेलकावतं, पाईप तळाला घुसळतो आणि अंदाजापेक्षा खोल बसतो.

मातीला गृहीत धरण्याची किंमत ब्राझीलने मोजली. जानेवारी 2000 मध्ये रिओजवळच्या ग्वानाबारा उपसागरात गरम तेलाची लाईन मऊ चिखलात आडवी वाकली, फुटली आणि सुमारे 13 लाख लिटर तेल पाण्यात गेलं. ते ‘चालणं’ नव्हतं. पण मूळ तेच, उष्णतेने लांबू पाहणारा पाईप आणि त्याला पुरेसं न धरणारी माती. 2002 मध्ये तेल कंपन्यांनी तापणाऱ्या पाईपांच्या वाकण्या-चालण्यावरचा ‘सेफबक’ हा संयुक्त अभ्यास हाती घेतला. मातीचे नमुने घेऊन, त्यांवर पाईपाचा तुकडा पुढे-मागे सरकवून, मधे विश्रांती देऊन पकड मोजली जाते. हिशेब जमला नाही, तर नांगर टाकून लाईन खिळवावी लागते किंवा तिच्यावर दगड रचावे लागतात. दोन्ही उपाय खर्चिक आहेत.

भारताचं काम आता कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हजार मीटरहून खोल पाण्यात गेलं आहे. तिथला तळ अतिशय मऊ आहे आणि बिघडलेला जोड दुरुस्त करायला पाणबुड्या माणूस उतरू शकत नाही, यंत्रच पाठवावं लागतं. अशा ठिकाणी लाईन टाकण्याआधी माती तपासण्यावर होणाऱ्या खर्चात कोणी काटछाट करू नये.