वैद्यकीय प्लास्टिक कचरा

वैद्यकीय प्लास्टिक कचरा म्हणजे रुग्णोपचारात वापरून टाकलेल्या सलाईनच्या नळ्या, मूत्रपिशव्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज इत्यादी वस्तू. यांतील अनेक वस्तू पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसीत क्लोरीन असल्याने तो जाळल्यास डायॉक्सिन व फ्युरान ही विषारी संयुगे निर्माण होऊ शकतात. उलट, वस्तू अखंड टाकल्यास त्यांच्या पुनर्वापरातून हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचा संसर्ग संभवतो. म्हणून जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार हा कचरा लाल पिशवीत वेगळा ठेवतात. तो निर्जंतुक करून, तुकडे करून अधिकृत पुनर्चक्रण उद्योगाकडे पाठवतात. सुया मात्र पांढऱ्या पात्रात टाकतात. राजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या लहान दवाखान्यांनाही हे नियम लागू आहेत. राज्यातील अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.