समुद्रातील अदृश्य शेती

माळव्याच्या काळ्या जमिनीत जसा खरीप व रब्बी असा पिकांचा क्रम आहे, तसाच क्रम समुद्राच्या पाण्यातही असतो, हे ऐकून सराफ्याच्या गजबजाटात वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल. आमची मातृभाषा कोकणी. तीत मासळीला 'नुस्तें' म्हणतात. ज्या अदृश्य पिकावर हे नुस्तें पोसले जाते, त्याचा परिचय करून देण्याचा आमचा येथे हेतू आहे.

हे पीक म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शैवले. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यांना सूक्ष्म प्राणी खातात आणि त्या प्राण्यांना मासे. जे मरते ते कुजवून त्यातील नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात मोकळे करणे हे जीवाणूंचे काम. समुद्राच्या एका घनसेंटिमीटर पाण्यात सुमारे १० लाख जीवाणू असू शकतात! प्रकाश वरून मिळतो, खत मात्र बहुधा खाली साचलेले असते. ही दोन्ही जेथे व जेव्हा एकत्र येतात, तेथे व तेव्हा शैवलांना बहर येतो.

गोव्याचा किनारा पाहू. फेब्रुवारी ते मे या काळात पाणी शांत व उबदार असते, खत थोडे असते. अशा वेळी 'ट्रायकोडेस्मियम' नावाचा जीव लाकडाच्या भुशासारखा तरंगताना दिसतो. त्याला पूर्वी शैवल समजत. वस्तुतः तो जीवाणू आहे. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू जसे हवेतील नत्र बांधून ठेवतात, तसेच तोही करतो.

पावसाळ्यात चित्र पालटते. मांडवी व जुवारी या नद्या गढूळ पाणी आणतात. गाळामुळे प्रकाश अडतो, म्हणून मुखाच्या आतल्या बाजूस शैवलांची वाढ खुंटते. जमिनीवरून वाहून आलेले जीवाणू मात्र वाढतात. गाळ खाली बसला की मुखाबाहेर शैवले फोफावतात. त्याच सुमारास खोल समुद्रातील थंड, खतयुक्त पाणी किनाऱ्याकडे वर चढते.

परंतु या सुबत्तेत एक संकट दडलेले आहे. नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने झाकणासारखे वर पसरते व हवेतील प्राणवायू खाली पोहोचू देत नाही. खाली बुडालेली मृत शैवले कुजविताना जीवाणू तेथला उरलासुरला प्राणवायू संपवितात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो आणि मासळीला तेथून पळ काढावा लागतो. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली असे दाखविले की, ही स्थिती तीव्र होत असून शेतांतून वाहून येणारे नत्र हे त्याचे एक कारण असावे.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावरून थंड, कोरडे वारे वाहतात. वरचे पाणी गार व जड होऊन खाली जाते, खालचे खत वर येते व पुन्हा बहर येतो. अलीकडच्या दशकांत तेथे पोटात हिरवी शैवले बाळगणारा 'नॉक्टिल्यूका' हा एकपेशीय जीव फार वाढला आहे. नॉक्टिल्यूकामुळेच कोकणच्या काही किनाऱ्यांवर रात्री फुटणारी लाट निळसर चमकते.

विद्यार्थी मित्रहो, समुद्र आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. इंदूर जे नर्मदेचे पाणी पिते, ती नर्मदा अरबी समुद्रास मिळते. आणि इंदुरातून वाहणाऱ्या कान्ह नदीचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना व गंगा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. आपण दोन समुद्रांच्या मध्ये राहतो. आपल्या शेतातील जादा खत आणि आपल्या गटारातील घाण यांना शेवटी समुद्राचीच वाट आहे. किनाऱ्यावरील कोळ्याच्या जाळ्यात काय येईल, हे थोडेसे आपल्याही हातात आहे, एवढे या अदृश्य शेतीवरून आपण शिकलो तरी पुष्कळ झाले.