छायाचित्र-संपादन : आमचे पहिले धडे

रुग्णपत्रकास छायाचित्र जोडू लागल्यावर संपादनाचे तंत्र शिकणे आम्हांस अगत्याचे वाटले. त्यासाठी ‘गिंप’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर निवडले. चित्र कापणे, फिरवणे, लहान करणे लवकरच जमले. पुढे ‘ब्राइटनेस’ची पट्टी हाती आली आणि घात झाला. किटिभाच्या एका रुग्णाचे चिकित्सेनंतरचे अंधुक चित्र आम्ही उजळले. त्यासरशी उरलेली लालीही फिकी झाली. चित्र पाहून रुग्ण म्हणाला, “वैद्यराज, कोपरावर अजून आहे की!” आम्ही खजील झालो.

तेव्हापासून काही नियम पाळतो. मूळ चित्र अबाधित ठेवून प्रतीवरच काम करावे. जेपेग पुनःपुन्हा साठवल्यास तपशील नष्ट होतो, हे ध्यानी ठेवावे. दोन्ही वेळी प्रकाश व अंतर समान असावे. शेजारी पांढरा कागद व मोजपट्टी ठेवावी; त्या कागदावरून ‘लेव्हल्स’मध्ये रंग सुधारता येतो. डाग पुसणारे ‘क्लोन’ साधन व्याधीच्या जागी कदापि वापरू नये. प्रकाशनापूर्वी रुग्णाची लेखी संमती घ्यावी. औषधी द्रव्यांची चित्रे छापणाऱ्या फार्मसीचालकांनीही द्रव्याचा मूळ वर्ण बदलू नये.

त्रिविध परीक्षेत दर्शनाला स्थान आहे. ते दर्शन आपणच दूषित करू नये.