टॅक्स, पासिंग आणि विमा

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना पेणचे रस्ते टेम्पोंनी भरून जातात. मूर्ती नीट बसवून, वर ताडपत्री टाकून माणसे वर मुंबईकडे, नाहीतर वडखळवरून खाली कोकणात निघतात. इकडे आमच्या रोह्यात धाटावच्या कारखान्यांची माणसे आणि माल नेणाऱ्या छोट्या गाड्या बारा महिने धावत असतात. या गाड्यांना एमएच-०६ हा क्रमांक देणारे परिवहन कार्यालय पेणलाच आहे. तिथल्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर येते : ‘‘टॅक्स राहिलाय, पासिंगही संपलंय, पण इन्शुरन्स चालू आहे ना? मग झालं तर!’’

खरेच झाले का?

विम्याचा कागद एक दिसतो. पण त्यात बहुधा दोन करार असतात. एक तिसऱ्या माणसासाठी, दुसरा आपल्या गाडीसाठी. पहिले आपण, दुसरी कंपनी, आणि तिसरा म्हणजे कोलाडच्या नाक्यावर एसटीची वाट पाहत उभा असलेला कोणीही. त्याच्यासाठीचा विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ने सक्तीचा केला आहे. त्याला भरपाई देण्यातून कंपनीला कोणत्या कारणांनी सुटता येते, याची यादीही कायद्यातच आहे. पूर्वी ती कलम १४९मध्ये होती, १ एप्रिल २०२२पासून कलम १५०मध्ये आहे. चालकाकडे परवाना नसणे, दारू पिऊन चालवणे, शर्यत लावणे, विमा घेताना महत्त्वाची गोष्ट लपवणे, हप्ताच न पोचणे, अशी ती कारणे. थकलेला टॅक्स त्या यादीत नाही. टॅक्स थकला तर दंड होईल, व्याज लागेल, गाडी अडकवून ठेवतील. पण तेवढ्याने विमा मरत नाही.

पासिंगचे तसे नाही. त्याचेही नाव यादीत नाही, पण कलम ५६ सांगते की टेम्पो, रिक्षा, ट्रक अशा व्यवसायाच्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असूनही गाडी कायद्याच्या डोळ्यांना बिननोंदणीची! आणि टॅक्सची थकबाकी असेल तर पासिंग होत नाही. टॅक्स थेट विम्याला धक्का लावत नाही तो असा मागच्या दाराने येतो.

मग अपघात झाला तर? जखमी माणसाला किंवा मृताच्या घरच्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये, याकडे न्यायालयांचा कल असतो. कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ साली योग्यता प्रमाणपत्र नसणे हा मूलभूत शर्तभंग ठरवून हीच वाट दाखवली. सगळ्या उच्च न्यायालयांचे यावर एकमत नाही. पण अलिबागच्या न्यायाधिकरणापुढे उभे राहिल्यावर निकाल आपल्या बाजूनेच लागेल, अशा भरवशावर गाडी कशी चालवायची? मृत्यू किंवा जायबंदी होण्याच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. हप्त्यावर घेतलेल्या एका टेम्पोच्या मालकाकडे अशी वसुली निघाली, तर घरच विकायची वेळ येईल. (गझलेतले ‘वस्ल’ आणि नोटिशीतले ‘वसूल’ एकाच अरबी धातूतून आलेले. एकात प्रिय माणूस भेटते, दुसऱ्यात बेलिफ.)

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत न्यायालय अधिक कठोर आहे. नरिंदर सिंग यांच्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपून महिनाही झाला नव्हता, तोच अपघात झाला. विमा चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये त्यांचा दावा नाकारला. २०२१च्या दुसऱ्या निकालात जोधपूरमधून चोरीला गेलेल्या बोलेरोचा दावाही नोंदणी संपलेली म्हणूनच गेला. कंपनीने हप्ता घेतला म्हणजे बाकीचे कागद तपासून घेतले, असा पुष्कळांचा समज असतो. तो सोडून द्यावा.

घरच्या खासगी मोटारीला दरवर्षीचे पासिंग नसते आणि महाराष्ट्रात तिचा टॅक्स घेतानाच एकदम भरलेला असतो. म्हणून तिचा मालक निर्धास्त असतो. पण पंधरा वर्षांनी नोंदणी संपते. तेव्हा गाडी तपासून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि मग पाच वर्षांची मुदत मिळते. अंगणातल्या जुन्या मारुतीचा विमा मुलगा दरवर्षी मोबाइलवरून भरतो आणि आरसीवरची तारीख कोणीच पाहत नाही, अशी घरे थोडी नसतील.

पीयूसीविषयी मात्र उगाच घबराट आहे. ते नसेल तर दंड आहेच. पण त्या कारणाने दावा मिळत नाही, ही समजूत दिशाभूल करणारी असल्याचे विमा नियामकाने ऑगस्ट २०२०मध्येच स्पष्ट केले होते. पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा आदेशही २०२४मध्ये तिसऱ्या माणसाच्या विम्यापुरता शिथिल झाला.

नोंदणी, फिटनेस, टॅक्स, विमा यांच्या तारखा आता ‘एम-परिवहन’ या मोबाइल अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की दिसतात. त्यांतली विम्याची तारीख बहुतेकांना पाठ असते. पाहायची ती तिच्या शेजारची, फिटनेसची.