जपानी लिपीचे अध्ययन आणि स्मृतितंत्रे : एक विवेचन

प्रस्तावना :
जपानी लेखनात हिरागाना व काताकाना या दोन अक्षरलिपी आणि चिनी लिपीतून आलेली कांजी चिन्हे एकत्रितपणे वापरली जातात. दोन्ही अक्षरलिपींत प्रत्येकी ४६ मूळ चिन्हे आहेत. जपान शासनाने २०१० मध्ये सुधारलेल्या नित्योपयोगी यादीत २१३६ कांजी असून, २०२० पासून तेथील प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकविल्या जातात. जपानी मूल आधीच बोलत असलेल्या भाषेची चिन्हे शिकते. आपल्या विद्यार्थ्यापुढे मात्र भाषा आणि लिपी एकाच वेळी उभ्या राहतात. अशा वेळी केवळ घोकंपट्टी अपुरी पडते. प्रस्तुत लेखात स्मृतितंत्रांची उपयुक्तता व मर्यादा यांचा विचार केला आहे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे :
अ, इ, उ, ए, ओ आणि त्यानंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा जपानी वर्णक्रम बौद्ध परंपरेतील सिद्धम् लिपीच्या व संस्कृत वर्णविचाराच्या अभ्यासातून घडला. च-वर्गाच्या जागी 'सा' येतो. प-वर्गाच्या जागी 'हा' येतो, कारण या वर्णाचा प्राचीन उच्चार 'प'सारखा होता. मराठी विद्यार्थ्याला हा क्रम नव्याने पाठ करावा लागत नाही. आपल्या वर्णमालेशी असलेले नाते दाखविले की पुरेसे होते.

चिन्हांच्या आकारासाठी चित्रसाहचर्य उपयोगी पडते. हिरागानातील 'कु' उघड्या चोचीसारखा दिसतो. 'कुहू' करणाऱ्या कोकिळेची चोच म्हणून तो सहज लक्षात राहतो. 'नु' आणि 'मे' यांत गल्लत होते. 'नु'च्या शेवटी गाठ असते, 'मे'ला ती नसते, एवढा भेद पुरतो.

कांजी आणि घटकविश्लेषण :
कांजी अखंड चित्र म्हणून न पाहता घटकांत विभागून पाहावी. एक झाड म्हणजे 'झाड', दोन झाडे म्हणजे 'राई', तीन झाडे म्हणजे 'अरण्य'. झाडाशेजारी माणूस आला की 'विसावा'. जेम्स हायसिग यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. तीत प्रत्येक कांजीला एक अर्थशब्द देऊन घटकांची कथा रचली जाते. उच्चार नंतरच्या टप्प्यावर येतात.

मर्यादा :
कथेने अर्थ व आकार लक्षात राहतो, वाचन येत नाही. बहुतेक कांजींना चिनीमूलक व देशी असे दोन्ही प्रकारचे उच्चार असतात. 'विसावा' हा अर्थ ओळखणारा विद्यार्थी 'यासुमु' हे क्रियापद वाचू शकेलच असे नाही. येथे ध्वनिघटकाचे साहाय्य घ्यावे. 'निळा' या अर्थाच्या कांजीचा चिनीमूलक उच्चार 'सेइ' आहे. तिला पाणी जोडल्यास 'स्वच्छ' आणि सूर्य जोडल्यास 'निरभ्र' असा अर्थ होतो. चिनीमूलक उच्चार मात्र 'सेइ'च राहतो. अर्थात, हा नियम सर्वत्र लागू पडत नाही.

निष्कर्ष :
स्मृतितंत्र हा आधार आहे, साध्य नव्हे. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाविषयी केलेल्या मांडणीनुसार, उजळणी न झाल्यास शिकलेले आरंभी वेगाने पुसले जाते. म्हणून वाढत्या अंतराने उजळणी आवश्यक ठरते. शिक्षकाने तयार कथा देण्यापेक्षा विद्यार्थ्यांना मराठीतून स्वतःच्या कथा रचू द्याव्यात आणि प्रत्येक कांजी किमान एका शब्दात व एका वाक्यात वाचून घ्यावी. केवळ अर्थ विचारणारी चाचणी विद्यार्थ्याला गुण देईल. परंतु जपानी मजकूर वाचण्याची क्षमता देणार नाही.