आधी कुणाचं ताट?

सुगीच्या सणाला आमच्या ख्रिस्ती मंडळीत लिलाव व्हायचा. धाराशिव जिल्ह्यातली ती लहानशी मंडळी, पंचवीस-तीस घरांची. वेदीपुढच्या टेबलावर ज्वारीच्या कणसांची पेंढी, लाल भोपळा, टोपलीभर अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी, कुणी आणलेली तुरीची डाळ. उपासना संपली की पंचांपैकी एक जण बोली पुकारायचा. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जायचा, आणि घेणारा तो उचलून पुन्हा टेबलावर ठेवायचा. की परत पुकारा. एकच भोपळा तीनदा विकला गेलेला मी पाहिला आहे. तो पैसा कुणाच्या ऑपरेशनला, कुणाच्या पोरीच्या फीला जायचा. घरात दोन वेळची ओढाताण असलेली माणसंही बोलीत मागे राहत नसत. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही फार आदर आहे.

मग पंगत बसायची. आधी पाहुणे पाळक आणि पंच, मग बाकीचे बापे, मग पोरं, मग बाया. सगळ्यांत शेवटी पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकांची बायको. दहा-अकरा वर्षांचा असताना मी पाणी प्यायला मागच्या दारी गेलो, तर त्या चुलीपाशी बसून पातेल्याच्या बुडाचा करपलेला भात उलथण्याने खरवडून ताटात घेत होत्या. आमटी संपली होती. भाताला लावून घ्यायला त्यांनी लोणच्याचा खार घेतला होता. पहाटे चारपासून त्या उभ्या होत्या. त्या दिवशी उपदेश पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रावर होता, आपल्याआधी दुसऱ्याचं हित पाहण्याबद्दलचा. उपदेश चांगला झाला होता. ऐकून माणसं हललीही होती. पण तो चालू असताना पाळकीणबाई आत नव्हत्या, चुलीपाशी होत्या.

ते ताट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. स्वतःआधी दुसरा, ही शिकवण ख्रिस्ती मंडळीच्या मुळाशी आहे, आणि तिच्यावर माझी श्रद्धा आहे. पण ती पाळताना दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. ज्याची गरज आपण आधी धरतो त्याला कुणी विचारलं का, ही एक. आणि त्यासाठी मागे सरकवलेलं ताट नेमकं कुणाचं, ही दुसरी.

हा घोळ मंडळीइतकाच जुना आहे. इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात प्रभुभोजनाच्या पंगतीबद्दल चांगलीच कानउघाडणी आहे. तिथे सुखवस्तू लोक लवकर येऊन जेवून घेत, काही जण तर पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहत. हे उशिरा येणारे बहुधा दिवसभर राबणारे मजूर आणि गुलाम असावेत. पौल त्यांना मोठे त्यागबिग करायला सांगत नाही. एकमेकांसाठी थांबा, एवढंच सांगतो. फिलिप्पैकरांच्या पत्रातही त्याचा एक ‘सुद्धा’ आहे, तो पुष्कळदा गळतो. स्वतःचं हित पाहू नका असं तो म्हणत नाही, दुसऱ्याचंसुद्धा पाहा म्हणतो. हे पत्र त्याने कैदेतून लिहिलं, आणि त्याच्या गरजेला फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत त्याने त्यात मोकळेपणाने मान्य केली आहे. ज्याला स्वतःची गरज सांगायला लाज वाटत नव्हती, अशा माणसाची ही शिकवण आहे.

त्याच्याही आधीची, यरुशलेमची हकीकत मला फार मोलाची वाटते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ती आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी तक्रार आली. मंडळीने सात माणसं निवडून वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची ताटं रिकामी राहत होती, पळी त्यांच्याच माणसांच्या हाती गेली. वाढणाऱ्यांनी नुसती माफी मागून पळी स्वतःकडेच ठेवली असती, तर तक्रार चार महिन्यांनी पुन्हा आली असती.

आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती जीवनात त्यागाचं नाव निघालं की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव येतंच. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा, नंतर अहमदनगरला अनाथ मुलांसाठी, दुष्काळग्रस्तांसाठी केलेली धावपळ, आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून उभारलेला ‘देवाचा दरबार’. हातात आलेला पैसा दारात आलेल्याच्या हातावर ठेवायचा, हा त्यांचा स्वभाव. पण संध्याकाळी चूल पेटवायची असायची त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना. त्यांच्या आत्मचरित्राचा, ‘स्मृतिचित्रे’चा, पहिला भाग 1934 ला आला. बाईंनी त्यात नवऱ्याचं मोठेपण कुठेही कमी केलेलं नाही, आणि त्या मोठेपणाचा भार कुणाच्या खांद्यावर पडत होता तेही लपवलेलं नाही. घरात पोरं वाढत गेली, त्यांचं खाणं-पिणं, आजारपणं बाईंनी काढली. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईचा संसार एका दिवसात मोडला. तो निर्णय तिला विचारून झाला नव्हता. पुढे ती आपल्या पायांनी, आपल्या वेळेला ख्रिस्ताकडे आली, आणि टिळकांमागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तिनेच पुढे नेलं. माझ्या मते मराठी मंडळीत त्यागावर बोलणाऱ्या प्रत्येकाने टिळकांच्या अभंगांइतकंच ‘स्मृतिचित्रे’ वाचलं पाहिजे.

पंडिता रमाबाईंबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीत सापडलेल्या मुली-बायका आणल्या, आणि त्यातून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. मला त्यातली एक गोष्ट सांगायची आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये बाहेर आलं. ते केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं आणि त्याचे खिळे सदनातल्या बायकांनी जुळवले. ज्यांना वाचवून आणलं होतं, त्यांच्या हातून एक ग्रंथ उभा राहिला.

आता आमच्या अंगणाशी येतो. भूमहून खर्ड्याच्या रस्त्याला लागलं की जिल्हा ओलांडून आपण जामखेडला पोचतो. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दोघंही ख्रिस्ती, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं हे लग्नाच्या वेळीच ठरवलेलं. आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काढली, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलं आणि परत आले. वडाळ्यात त्यांना दिसलं होतं की माणूस बरा होऊन गावी जातो आणि त्याच गढूळ पाण्याने, त्याच उपासमारीने पुन्हा खाटेवर येतो.

जामखेडला आले आणि दुष्काळ पडला. 1972 चा दुष्काळ आमच्याकडे अजून वयस्कर माणसांच्या बोलण्यात येतो. खडी फोडण्याची कामं, सुकडी, तांबडी मिलो ज्वारी. डॉक्टर औषधं घेऊन बसले होते, लोक म्हणाले, पाणी द्या, खायला द्या. आरोळ्यांनी ते ऐकलं. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. हातात पदव्या असताना आणि मनात देवाने दिलेलं काम असताना, समोरच्याने आपल्या यादीत नसलेली गरज सांगितली तर ती पहिली लिहायची, याला फार मोठं मन लागतं.

मग बोअर घ्यायची ठरली. भूजलतज्ज्ञाने गावात पाणी लागेल अशा जागा दाखवल्या, आणि आरोळ्यांनी त्यांतल्या दलित वस्तीतल्या जागा निवडल्या. हापसा तिथे बसला. ज्या बायकांना गावच्या विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं, ओंजळीत वरून पडेल तेवढंच पाणी घ्यायचं होतं, त्यांच्या दारात पाणी आलं, आणि पाटलाच्या वाड्यातली घागर त्यांच्या वस्तीत रांगेला लागली. कुणी भाषण केलं नाही. दुष्काळात घसा कोरडा पडला की विटाळ पाळणं अवघड होतं, हे आरोळ्यांनी ओळखलं होतं. लोखंडी दांडा एकच, आणि तो सगळ्यांच्या हातात जायचा.

दवाखान्याची गोष्टही तशीच झाली. शिकलेल्या नर्स खेड्यात पाठवून पाहिल्या, त्या टिकेनात आणि गावच्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करेनात. तेव्हा गावातलीच बाई निवडायची ठरली. यातल्या बऱ्याच जणी निरक्षर, पुष्कळ दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावी जाऊन बाळंतपण करायचं, पोरांची वजनं घ्यायची, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. प्रकल्पातल्या गावांत 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती, 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका आपापल्या जातीत, आपापल्या देवाच्या राहूनच हे काम करत होत्या, कुणाचा धर्म बदलण्याची अट त्यात नव्हती. डॉक्टरने आपल्याकडचं ज्ञान वाटून टाकणं, ज्या गोष्टीमुळे आपल्याला मान आहे तीच दुसऱ्याच्या हाती देणं, हे पैसे देण्यापेक्षा जड जातं. पुढे आमच्याच तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ म्हणून गावातल्या बायकांना तयार केलं. ती चर्चची संस्था नाही, पण त्या कामात मला तोच लोखंडी दांडा दिसतो.

देण्याची सवय झालेल्या मंडळीला घेणं मात्र जमत नाही. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो, त्यामागच्या प्रसंगात येशू शिष्यांचे पाय धुवायला आला तेव्हा पेत्र आधी पाय पुढे करायलाच तयार नव्हता. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत एक मुस्लीम मुलगीही होती, आणि 2016 मध्ये बायकांचे पाय धुण्याला नियमानेच वाट करून दिली. या बातम्या वाचताना त्या मुलांना काय वाटलं असेल, हाच विचार माझ्या मनात जास्त येत राहिला. एवढ्या मोठ्या माणसाला आपला पाय हातात घेऊ देणं सोपं नाही.

आमच्या जिल्ह्याने घेण्याचा असा एक प्रसंग पाहिला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’चे अनेक वर्षांचे संपादक, हरित वसईच्या चळवळीत पाण्यासाठी आणि झाडांसाठी उभे राहिलेले, ‘सुबोध बायबल’चे भाषांतरकार. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ते आले. आयुष्यभर इतरांसाठी उभं राहिलेल्या धर्मगुरूसाठी या वेळी दुसरे उभे राहिले होते, आणि पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला तो माणूस तो आधार घेऊन बसला होता. संमेलनाच्या नगरीला नाव होतं तेरच्या संत गोरोबाकाकांचं. 25 जुलै 2024 ला फादर गेले. आमच्या मंडळीतले म्हातारे अजून सांगतात, ‘आपल्या माणसाला या जिल्ह्यानं डोक्यावर घेतलं.’

हे सगळं मनात ठेवून मी किल्लारीच्या भूकंपाकडे बघतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. लातूरच्या बाजूला किल्लारी, आमच्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी. हजारो माणसं गेली. देशभरातून मदत आली, त्यात कॅरिटास, कासा अशा चर्चच्या संस्थाही होत्या. पहिल्या दिवसांत ज्यांनी प्रेतं उचलली, अन्न शिजवलं, पोरं सांभाळली, त्यांचं ऋण फिटणारं नाही.

पण घरं बांधताना पुन्हा विचारायचं राहिलं. 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली, आणि घरांचे आकार ठरले जमिनीवरून. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, सात हेक्टरांच्या वर जमीन असणाऱ्याला 750. ज्याच्याकडे जास्त होतं त्याला जास्त मिळालं. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणलं होतं, सरकारी यादीने त्यांना परत जुन्या जागी नेऊन बसवलं. रुंद सरळ रस्ते, शहरातल्या कॉलनीसारख्या ओळी. भावकीची गल्ली गेली, संध्याकाळी बायका बसायच्या तो ओटा गेला, आणि बऱ्याच ठिकाणी जनावर बांधायला जागाच नव्हती. बांधणाऱ्यांत भली माणसं होती, मनापासून काम करणारी होती, त्यांतली काही येशूच्या नावाने आली होती. एखाद्या म्हातारीला त्यांनी विचारलं असतं की बाई, तुझं घर कसं होतं, तर तिने आधी गाईची जागा दाखवली असती.

आज त्या गावांतून जाताना मूळचं घर पटकन ओळखू येत नाही. पुढे पत्र्याचं शेड, त्याला बाजूने तुराट्यांचा कूड, दावणीला एक गाय आणि वासरू, कोपऱ्यात तीन दगडांची चूल. आतल्या सिमेंटच्या खोलीत कडबा आणि पेंडीची पोती रचलेली असतात, आणि घरातली माणसं शेडमध्ये जेवायला बसलेली असतात.