खाली जाळं, वर कारण

मे महिना सरत आला की धुळ्यातल्या शिंप्यांना मान वर करायला फुरसत नसते. लग्नसराईचे ब्लाउज हातावेगळे झालेले नसतात, तोच शाळांचे गणवेश दारात येऊन उभे राहतात. मशीन रुसतं ते नेमकं याच दिवसांत. आग्रा रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्या असोत की देवपुरातल्या एखाद्या घराचा ओटा, मेकॅनिकला जाणारा फोन एकाच धाटणीचा असतो: ‘‘भाऊ, दोरा तुटी ऱ्हायना. टेन्शन बिघडेल शे.’’

भाऊ येईपर्यंत टेन्शनचा नट दोन-चार हातांखालून गेलेला असतो. कुणी आवळलेला, कुणी सैल केलेला, कुणी वैतागून बॉबिन केसचा स्क्रूही पिळलेला. खरं तर बहुतेक वेळा बिचाऱ्या नटाचा काही दोष नसतो. पण मशीनवर हाताला सहज लागतो तोच, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो.

इथे ज्याला सरसकट ‘जुकी’ म्हणतात ते एका सुईचं औद्योगिक लॉकस्टिच मशीन. जुकी ही १९३८ साली सुरू झालेली जपानी कंपनी. पण टेबलावर जॅकचं चिनी मशीन असलं तरी बोलण्यात ते जुकीच. त्याआधीची पिढी वाढली ती पायमशीनवर. त्यातल्या ‘उषा’चा जन्म १९३०च्या दशकात कोलकात्यात, लाला श्रीराम यांच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समधला. पायमशीन शिवणाऱ्याच्या पायाच्या वेगाने चालतं. जुकीचा कमाल वेग मिनिटाला पाच हजार टाक्यांच्या घरात जातो. पायमशीनवर खपून जाणारी बारीकशी हयगय या वेगात खपत नाही.

खानदेशाला कापूस नवा नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणी उभारली, धुळ्यात न्यू प्रताप मिल झाली, शिरपूरकडे पुढे सूतगिरणी आली. बोंडापासून कापडापर्यंतचा सगळा प्रवास या भागाने पाहिला आहे. गिरण्यांचा तो काळ सरला. शिलाई मात्र घराघरांत टिकून राहिली, आणि ती बरीचशी बायकांच्या हातात आहे. यंत्रांकडे साशंक नजरेने पाहणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संवादात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं, ते हाताने शिवणाऱ्या बाईचे कष्ट वाचतात म्हणूनच. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने मोफत गणवेशांची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटांकडे सोपवली होती. पुढच्या वर्षी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. काम कुठूनही येवो, हिशेब नगावर होतो. मशीन तासभर बंद म्हणजे त्या तासाची मजुरी बुडाली. म्हणून दोष ओळखता येणं ही मेकॅनिकपुरती विद्या नाही.

दोष ओळखायचा तर टाका कसा पडतो ते ठाऊक हवं. अमेरिकेत एलियस हाऊने १८४६ साली लॉकस्टिच मशीनचं पेटंट घेतलं. ॲलन विल्सनने १८५१ साली फिरत्या हूकचं आणि १८५४ साली कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या चौपदरी चालीचं पेटंट मिळवलं. वर, पुढे, खाली, मागे अशी ती चाल. आजच्या जुकीच्या पोटात याच दोन कल्पना फिरताहेत.

सुई कापडातून खाली जाते आणि तळाला पोचून जराशी वर उठते. तेवढ्या उठण्याने दोऱ्याला सुईमागच्या खाचेपाशी छोटासा फासा पडतो. हूकचं टोक नेमक्या त्या क्षणी येऊन फासा उचलतं आणि बॉबिन केसभोवती फिरवतं. वरचा दोरा असा खालच्या दोऱ्याला वेढा घालून आला की वरचा टेक-अप लिव्हर उरलेला दोरा ओढून घेतो आणि टाका आवळतो. एका टाक्याला हूकचे दोन फेरे होतात. मिनिटाला चार हजार टाके म्हणजे हूकचे आठ हजार फेरे. दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीच्या मधोमध बसली, तर शिवण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. वरच्या दोऱ्याची ओढ नटाखालच्या दोन चकत्या ठरवतात, खालच्याची बॉबिन केसवरची पत्ती. टेन्शन म्हणतात ते या दोन ओढींमधल्या समतोलाला.

नवशिके फसतात ते इथेच. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं दिसलं की हात आपसूक खाली, बॉबिनकडे जातो. पण ते जाळं वरच्या दोऱ्याचं असतं. वर त्याला कुणी धरून ठेवत नाही, म्हणून तो खाली ढीग घालतो. उलट सुलट्या बाजूवर खालच्या दोऱ्याचे ठिपके उठले, तर वरची ओढ जास्त आहे किंवा बॉबिन केस ढिली आहे. जाणता मेकॅनिक म्हणूनच आल्या आल्या वर काळा आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर चार बोटं शिवण मारतो. कुठला रंग कुठल्या बाजूला डोकावतो ते पाहिलं की निम्मं निदान झालं.

खाली जाळं पडण्याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे कापड दाबणारा फूट खाली असताना दोरा ओवणं. फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, नुसता कडेवरून जातो. मग नट कितीही आवळा, चकत्यांना धरायला दोराच नसतो. फूट वर करायचा, सगळा दोरा काढून पुन्हा ओवायचा, एवढ्यावर कितीतरी तक्रारी मिटतात. ओवताना एखादी कडी चुकली, चेक स्प्रिंगमधून दोरा गेलाच नाही, रिळाच्या बुडाशी त्याला पीळ पडला, अशी कारणंही या वाटेवरच सापडतात.

त्यानंतर सुई. घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूने चपटी असते, त्यामुळे ती सहसा उलटी बसत नाही. जुकीच्या डीबी×१ या सुईची मान गोल. ती कशीही बसते आणि घोळ तिथेच होतो. मागची खाच उजवीकडे, हूकच्या बाजूला नेमकी हवी. थोडी तिरकी बसली तर हूकला फासा कधी सापडतो, कधी हुकतो, आणि टाके सुटायला लागतात. सुई वाकली की नाही ते डोळ्यांना कळत नाही. काचेवर आडवी ठेवून फिरवली की कळतं. टोक बोथटलंय का, ते नखावरून हलकेच ओढून पाहावं. नवी सुई थोड्या पैशांत येते, तरी जुनीच रेटण्याकडे आपला कल.

सुई-दोऱ्याचं माप जुळायलाही हवं. गणवेशाच्या टेरिकॉटला १४ नंबर चालतो, जीन्सच्या जाड शिवणीला १६ किंवा १८ लागतो. हातभर दोरा सुईत ओवून तिरका ताणून धरावा आणि सुई सोडून द्यावी. ती आपल्या वजनाने घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर दोरा जाड आहे किंवा सुईच्या डोळ्याला कंगोरा आलाय. जाड कापडावर भरधाव शिवताना सुई चांगलीच तापते. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंशांना वितळतो, त्यामुळे तुटलेल्या टोकाला बारीक कडक गाठ झालेली दिसली तर टेन्शनला हात न लावता वेग कमी करावा. टोक पिंजारलेलं असेल तर दोरा कुठे तरी घासतोय: सुईचा डोळा, प्लेटचं भोक, नाहीतर हूकचं टोक. त्या टोकावर सुई आपटून पडलेला ओरखडा नजरेला दिसत नाही, पण नख फिरवलं की लागतो. बारीक पॉलिश पेपरने तो गुळगुळीत करता येतो. खोल असेल तर हूक बदलण्यावाचून इलाज नाही.

आता बॉबिन केस. ती बाहेर काढून दोऱ्याच्या टोकाला धरून लोंबकळत सोडायची. धप्पकन खाली आली तर पत्ती सैल, जागची हलली नाही तर घट्ट. सावकाश घसरत यायला हवी. पण स्क्रू फिरवण्याआधी पत्तीखाली पाहावं. कापसाच्या तंतूंचा इवलासा बोळा तिथे अडकला की पत्ती उचललेली राहते आणि दोरा ढिला पडतो. जाड कागदाचा कोपरा पत्तीखालून फिरवला की तो निघतो. बॉबिनही गच्च भरू नये, ऐंशी टक्के पुरे. भरताना पॉलिस्टरचा दोरा फार ताणून गुंडाळला तर शिवल्यावर तो आखडतो आणि मऊ कापडाला चुण्या पडतात. ते पाहून पुन्हा सगळे नटाकडे धावतात.

धुळ्याची हवा यात भर घालते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या कितीतरी वर, धूळ सतत, आणि कापडाची लव वेगळी. दात्यांच्या फटींत ती घट्ट बसली की कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी टाक्यांचा ढीग पडतो. रोज काम संपलं की प्लेट काढून ब्रश मारावा. तेलाची पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवी, आणि तेल मशीनचंच, पातळ, पांढरं. घरातलं खोबरेल घातलं की ते काही दिवसांत चिकट होतं आणि हूक जड फिरतो. थ्री-फेजच्या जुन्या क्लच मोटरवर वायरिंगची दुरुस्ती झाल्यावर एकदा फिरण्याची दिशा तपासावी. दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, पहिल्याच टाक्याला गुंता होतो आणि दोष बिचाऱ्या दोऱ्यावर येतो. सर्वो मोटरने वीज वाचते, वेगही हवा तसा धरता येतो. नवशिक्या हाताला हे मोठं सुख आहे.

हे सगळं पाहून झाल्यावर टायमिंगकडे वळायचं. सुई आणि हूकचं टोक यांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत लागतं. पातळ कागदही जेमतेम जाईल एवढंच. सुईचा दांडा नेमक्या कुठल्या उंचीला असताना हूकने सुईशी यायचं, त्याच्या खुणा दांड्यावरच कोरलेल्या असतात. हे काम मेकॅनिकचं. सुई मोडून हूक सरकला नसेल तर टायमिंग आपोआप बिघडत नाही. ‘टायमिंग गेलंय’ म्हणून स्क्रू ढिले करणारा माणूस तासाभराच्या कामाचं दिवसभराचं काम करून ठेवतो.

एवढ्या कारणांतून नेमकं एक शोधायचं तर क्रम पाळावा लागतो. आधी दोरा पुन्हा ओवणं, मग नवी सुई, मग बॉबिन आणि पत्तीखालची साफसफाई, मग तेल, आणि त्यानंतर नट. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चिंधीवर शिवून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू होईल, पण कशामुळे झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा फोन लावावा लागेल. नट फिरवायचाच झाला तर पाव फेरा, तोही आधीच्या जागी रंगाची खूण करून. गणवेशाच्या हंगामात मेकॅनिकची वाट पाहत रिकाम्या बसणाऱ्या बाईला ती खूण, नवी सुई आणि कागदाचा एक कोपरा दिवसाची मजुरी वाचवून देऊ शकतात.